नंबर लावण्याआधी

महाराष्ट्रातल्या घराघरांत सकाळी चहाचं आधण ठेवलं जातं, तेव्हा त्याखालची ज्योत बहुधा आखातातून आलेली असते. देशात वर्षाला सुमारे तीन कोटी टन एलपीजी जळतो. त्यातला साधारण ६० टक्के बाहेरून येतो. या आयातीतला फार मोठा हिस्सा कतार, अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत इथून निघतो आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जहाजाने आपल्याकडे पोचतो. इराण आणि ओमान यांच्यामधली ही पाण्याची वाट सर्वांत चिंचोळ्या जागी चाळीस किलोमीटरसुद्धा रुंद नाही. तिथे नुसता तणाव वाढला तरी जहाजांचा विमा महागतो, आणि विमा महागला की गॅसही महागतो, मग गोळी सुटो वा न सुटो.

भाव ठरण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. सौदी आरामको ही कंपनी दर महिन्याला प्रोपेन आणि ब्युटेनचे भाव जाहीर करते. त्यावर जहाजाचं भाडं, विमा आणि डॉलरचा भाव चढतो. मग यातलं किती सरकारने सोसायचं नि किती आपल्यावर टाकायचं, हे दिल्लीत ठरतं. मे २०२२ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडरने हजाराचा आकडा ओलांडला. ऑगस्ट २०२३ अखेर केंद्राने २०० रुपये उतरवले, मार्च २०२४ मध्ये आणखी १००. चढताना बाजाराचं कारण आणि उतरताना निवडणुकीचा मोसम, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पेट्रोल-डिझेलचं कच्चं तेल तर आपण ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. त्यासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पदूर इथे जमिनीखालच्या खडकात कोरलेली सरकारी कोठारं आहेत. त्यांची क्षमता सुमारे ५३ लाख टन, म्हणजे देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांच्या टाक्यांतला साठा वेगळा. गॅसचं तसं नाही. तो दाबाखाली द्रवरूपात ठेवावा लागतो, त्यामुळे साठवण महाग पडते आणि थोडी असते. पुरवठा खरोखरच तुटला तर पेट्रोल पंपाआधी स्वयंपाकघराला चटका बसेल, असं मला वाटतं ते यामुळे. पाइप गॅसवाल्यांची अवस्था जरा बरी, कारण घरगुती पाइपला नि सीएनजीला देशात निघणारा गॅस देण्यात प्राधान्य असतं. पण भाव त्यांचाही वाढतो, आणि सिलिंडर परत करून बसलेल्यांकडे दुसरी शेगडी नसते.

ज्यांची पन्नाशी उलटली त्यांना टंचाई म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची निर्यातबंदी केली आणि पिंपामागे तीन डॉलरचा भाव काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. दुष्काळाने पोळलेला महाराष्ट्र त्याच सुमारास मुंबईत बायकांचे लाटणे मोर्चे बघत होता; मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. पुढची कितीतरी वर्षं रॉकेलसाठी रेशनच्या रांगा आणि गॅस कनेक्शनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा हे नेहमीचं होतं.

मग आलं भारनियमन. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि २००५-०६ च्या सुमारास राज्यात चार-पाच हजार मेगावॉटचा खड्डा पडला. खेड्यांत दहा-बारा तास लाइट नसायची. गिरणीत दळणाला नंबर लागायचा नि त्याच क्षणी गिरणी थांबायची. त्या काळातली एक गोष्ट आज विसरली गेली आहे. महावितरणने ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना काढली होती. गावाने एकमताने ठरवायचं की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोटारी, हिटर, विजेच्या शेगड्या, गिरण्या बंद ठेवायच्या. फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही चालवायचे. बदल्यात त्या वेळचं भारनियमन नाही. आकडे टाकणाऱ्यांना आणि चोरून मोटार चालवणाऱ्यांना गावच आवरायचं, कारण एकाच्या हिटरने सगळ्यांची लाइट जाणार होती. पुण्यात याच सुमारास वेगळा तोडगा निघाला: कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला, आणि त्याच्या खर्चापोटी ग्राहकांनी थोडा जादा आकार भरायचा. टंचाईत वीज निर्माण करण्याइतकीच ती वाटून घेण्याचीही अक्कल लागते, हे या दोन्ही प्रयोगांनी दाखवलं.

तेव्हाच्या घरात चूल, वातीचा स्टोव्ह आणि गॅस असं तिन्ही असायचं. यात शहाणपणापेक्षा नाइलाज जास्त होता, पण एक बंद पडलं म्हणून जेवण अडत नसे. आता रेशनवरचं रॉकेल जवळजवळ हद्दपार झालं आहे आणि शहरी फ्लॅटमध्ये चूल मांडायला जागा नाही. खेड्यातही पुन्हा चुली पेटवा असं मी म्हणणार नाही. त्या धुराने बायकांच्या डोळ्यांची नि छातीची जी खराबी केली, ती पाहून तरी चुलीचं गुणगान थांबायला हवं. शिवाय जुन्या धाटणीच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते.

मग तयारी करायची म्हणजे काय करायचं? आपलं घर किती इंधन खातं ते आधी किलोत आणि युनिटांत कळायला हवं. मग वाया जातं ते थांबवावं. दुसऱ्या सोयीवर पैसा घालायचा तो त्यानंतर. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि पहिला फोन सोलरवाल्याला लावतात.

सिलिंडरपासूनच बघू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्यांवर रंगवलेलं असतं, टाकीगणिक वेगळं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. तिथेच एका पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल दिसतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत चार तिमाह्या. त्या तिमाहीपर्यंत टाकीची पुढची चाचणी झाली पाहिजे. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. डिलिव्हरीवाल्याकडे वजनकाटा असायला हवा आणि मागितल्यावर वजन करून देणं हे त्याचं कामच आहे. आपण मागत नाही, कारण तो घाईत असतो आणि आपल्याला संकोच वाटतो.

टाकीत गॅस किती उरला हे बघायला हलवून पाहण्याची गरज नाही. ओल्या फडक्याने टाकी वरपासून खालपर्यंत पुसा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. वरचा भाग भराभर सुकतो, खालचा ओला राहतो. मधली रेघ म्हणजे आतल्या द्रव गॅसची पातळी. द्रवाला तापायला उष्णता जास्त लागते, म्हणून त्याच्या बाहेरचं पाणी उशिरा उडतं. नवी टाकी लावली की कॅलेंडरच्या चौकोनात ‘गॅस’ लिहिण्याची सवय पुष्कळ घरांत आहेच. फक्त दोन नोंदींमधले दिवस कोणी मोजत नाही. टाकी ४० दिवस पुरली तर रोजचे ३५५ ग्रॅम झाले. हा आकडा एकदा कळला की पुढचं सगळं सोपं जातं.

विजेच्या बिलाचंही तेच. तळची रक्कम बघून आपण बिलाची घडी घालतो. वरच्या ओळींत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असं सगळं मांडलेलं असतं. यातला इंधन समायोजन आकार लक्ष ठेवण्यासारखा आहे, कारण कोळसा महागला की त्याची झळ काही महिन्यांनी याच ओळीतून आपल्यापर्यंत येते. ऑक्टोबर २०२१ आणि एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची ओढाताण झाली, तेव्हा राज्यात भारनियमनाचं नाव पुन्हा निघालं होतं. कोळसा असूनही वीज अडते, असंही घडलेलं आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

दरांच्या टप्प्यांबद्दल एक गैरसमज घरोघर आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १०० युनिटांपर्यंत एक दर, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढते दर लागतात. मीटर ३०१ वर गेला की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण म्हणूनच बचतीला किंमत आहे. तुम्ही ३५० वरून ३०० वर आलात तर वाचलेली पन्नास युनिटं ही तुमच्या बिलातली सगळ्यात महाग युनिटं असतात. ती शोधायची कुठे? रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवा. घर झोपलेलं असताना जे जळतं त्यात फ्रिज आणि पंखे असतातच, पण सेट-टॉप बॉक्ससारखी दहाएक वॅट सतत खाणारी मंडळीही असतात. दहा वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला सात युनिटं, एकही मालिका न बघता.

आता शेगडीपाशी येऊ, कारण खरी गळती तिथे आहे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला साधारण ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच लिटरभर पाणी पूर्ण वाफ करून उडवायला ५४० किलोकॅलरी, म्हणजे सातपट. आणि पाणी एकदा उकळायला लागलं की खाली कितीही मोठी आच ठेवा, तापमान वाढत नाही; वाढते ती फक्त वाफ. आमटी खळखळ उकळते म्हणून लवकर शिजते असं वाटतं, पण मंद उकळीवर आणि झाकणाखाली ती तितक्याच वेळात शिजते आणि गॅस कितीतरी कमी जळतो. झाकण न ठेवता उकळणारं पातेलं म्हणजे गॅस जाळून स्वयंपाकघराला दिलेली वाफ.

कुकरच्या शिट्ट्यांचंही हेच गणित आहे. आपल्याकडे पाककृतीच शिट्ट्यांत सांगतात: भाताला दोन, तुरीला चार. कुकरच्या आत दाब वाढून तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी होते म्हणजे दाब पुरेसा झाला, जादाची वाफ बाहेर पडली. ती वाफ आपण पैसे देऊन तयार केलेली असते. पहिली शिट्टी येऊ लागली की आच अगदी बारीक करावी, मिनिटं मोजावीत, गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. त्या जिरण्यातही शिजणं चालूच असतं. एकावर एक डबे ठेवून भात, वरण, बटाटे एकदम लावायची आपली पद्धत तर जगात कुठेही दाखवावी इतकी काटकसरीची आहे. हरभरा, राजमा, छोले रात्री भिजवले नाहीत आणि सकाळी शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या, तर मात्र ती सगळी काटकसर वाया जाते.

बर्नरकडे एकदा खाली वाकून बघा. ज्योत निळी हवी. ती पिवळी होत असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल, तर बर्नरची भोकं बुजली आहेत. आणि ज्योत भांड्याच्या कडेने वर येत असेल तर ती भांड्याला नाही, हवेला तापवते आहे. छोट्या पातेल्याला छोटा बर्नर, एवढं पाळलं तरी फरक पडतो.

जुन्या काळी युरोपात आणि नंतर आपल्याकडच्या गृहविज्ञानाच्या वर्गांतही शिकवली जाणारी एक युक्ती टंचाईच्या दिवसांत फार उपयोगाची आहे: गवताची पेटी. घट्ट झाकणाच्या जाड पातेल्यात तांदूळ-पाणी घालून पाच-सात मिनिटं चांगलं उकळू द्यायचं, गॅस बंद करायचा आणि पातेलं तसंच वर्तमानपत्रांत नि जुन्या गोधडीत गच्च गुंडाळून खोक्यात ठेवून द्यायचं. पाऊण तासाने भात तयार. मधे उघडून बघायचा मोह आवरला पाहिजे, आणि निघालेलं अन्न गरम असतानाच खाल्लं पाहिजे. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने, याच्या जवळचाच ‘सराई’ कुकर बनवला. त्यात मूठभर, सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर घरचा भात-वरण-भाजी होते. तो कोळसाही उसाच्या पाचटापासून करण्याची रीत त्यांनीच बसवली. त्यांच्या घरगुती बायोगॅसला, जो शेणाऐवजी उरलंसुरलं अन्न आणि पिठूळ कचरा खातो, २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. अंगण किंवा गच्ची असेल तर बायोगॅस जरूर बघा. पण त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि घालणारा माणूस आठ दिवस गावाला गेला की तो रुसतो. फ्लॅटवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

इंडक्शनचा प्रश्न आज प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडतो. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. घरच्या शेगडीवर त्यातली साठेक टक्के भांड्यात जाते, इंडक्शनवर ऐंशीहून थोडी जास्त. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला साधारण १३० युनिटं लागतात. आता तुमच्या गावच्या सिलिंडरच्या किमतीला १३० ने भागा. सिलिंडर ९०० रुपयांना असेल तर उत्तर येतं सात रुपयांच्या आत. तुमच्या बिलातलं वरच्या टप्प्याचं युनिट, वहन आकार आणि वीज शुल्क धरून, याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं. महाग असेल तर गॅस. महिन्याला १०० युनिटांच्या पुढे गेलेल्या बहुतेक मराठी घरांना या भावात गॅसच स्वस्त पडतो, जाहिरात काहीही म्हणो. सिलिंडर १,५०० वर गेला तर भागाकार साडेअकरावर जाईल आणि पारडं फिरू लागेल. ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल आहेत त्यांचं गणित अर्थातच आजच वेगळं आहे.

तरीही घरात एक इंडक्शन असावं, अशा मताचा मी आहे. रोजच्या बचतीसाठी नाही, तर नंबर लावून पंधरा दिवस गॅस आला नाही तेव्हासाठी. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. दोन हजार वॅटची शेगडी साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर चालवू नये. गिझरसारखा १६ अँपिअरचा प्लग आणि धड वायरिंग लागतं. घरातल्या भांड्यांच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघावं, चिकटलं तरच ते भांडं चालेल. अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर आणि तांब्याची पातेली बाद. आणि घरातला नेहमीचा इन्व्हर्टर हे ओझं ओढू शकत नाही, त्यामुळे लाइट गेली की इंडक्शनही गेलं. भाकरी तव्यावर भाजून ज्वाळेवर फुगवायची आणि वांगं भाजायचं, या कामांना मात्र गॅसच लागतो. मागे उरलेला गॅस अशा कामांपुरता राखून ठेवता येतो.

आंघोळीचं पाणी ही सर्वांत दुर्लक्षित जागा. वीस लिटरची बादली कडकडीत नाही, नुसती सोसवेल इतकी गरम करायला ०.४ युनिट वीज किंवा ५० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज २०० ग्रॅम. ज्या घरात ४० दिवस टाकी पुरते, तिथे आंघोळीचं पाणीही गॅसवर तापवायला लागलात तर ती पंचविसाव्या दिवशीच संपेल. म्हणून सौर पॅनेलच्या आधी सौर बंबाचा विचार करावा, असं माझं मत आहे. तो साधा आहे, स्वस्त आहे, आणि महाराष्ट्रात पावसाळ्याचे काही महिने सोडले तर वर्षभर चालतो. ते शक्य नसेल तर मार्च ते मे गिझरचा खटकाच काढून ठेवावा. उन्हातल्या टाकीचं पाणी तेव्हा तसंही अंग भाजतं.

लाइट जाण्याच्या तयारीत बहुतेक जण मोठी बॅटरी घेतात. त्याआधी पंखे बदलावेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते, हाती लागते सव्वाच्या आत. जुने ७५ वॅटचे तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर लावलात तर ती साडेचार तासांत बसते. तेच पंखे ३० वॅटच्या बीएलडीसी जातीचे असतील तर जवळजवळ नऊ तास चालते. म्हणजे बॅटरी तीच ठेवून वेळ दुप्पट, आणि लाइट असतानाही दर पंख्यामागे महिन्याला पंधराएक युनिटांची बचत. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालावं, ती मोकळ्या हवेत ठेवावी, आणि भारनियमन नसलं तरी अधूनमधून चालवून बघावी. नुसती कोपऱ्यात पडून राहिलेली बॅटरी नेमकी गरजेच्या दिवशी दगा देते. लाइट गेल्यावर फ्रिजचं दार उघडू नये. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो, आणि आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या असतील तर त्याहून थोडा जास्त.

छपरावरच्या सौर विजेला फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारएक युनिटं मिळतात. बिल कमी करायला ही उत्तम सोय आहे. पण विकणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: नेट मीटरवरची साधी यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद होते, भर दुपारी, कडक उन्हात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. अंधारातही चालावी असं वाटत असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर आधीच मागावा, आणि त्याचा खर्च वेगळा धरावा.

गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुंबईत २९ मे २०२१ ला पेट्रोल शंभरावर गेलं, तेव्हा लोक महिनाभर हळहळले आणि पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरने जाऊ लागले. टायरमध्ये हवा बरोबर ठेवणं, ताशी ४५ ते ५५ च्या वेगात चालवणं, सिग्नलला इंजिन बंद करणं, हे ऐकून ऐकून गुळगुळीत झालेले उपाय खरोखर चालतात. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हेही धरावं.

साठेबाजीच्या वाटेला मात्र जाऊ नये. पेट्रोल बाटल्यांत, कॅनमध्ये भरून घरात ठेवणं म्हणजे आग विकत आणणं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो आणि तळघरात, बंद कपाटात, पलंगाखाली दडलेल्या जादा टाकीला वासाआधी ठिणगी सापडू शकते. दोन टाक्यांचं कनेक्शन करून घ्यावं आणि एक संपली की त्याच दिवशी नंबर लावावा, हा पुरेसा साठा. भाड्याने राहणाऱ्या मुलांसाठी पाच किलोची छोटी टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळते. रिक्षावाल्यांच्या पंपावर बेकायदा भरून आणण्यापेक्षा ती बरी. साठवायचंच असेल तर कमी आचेवर होणारं खाणं साठवा: पातळ पोहे, चुरमुरे, भाजणी, सातूचं पीठ, मेतकूट. दडपे पोह्यांना वरची फोडणी सोडली तर जाळ लागतच नाही, मोड आलेल्या मुगाच्या उसळीऐवजी कोशिंबीर होते, आणि ताक-भाकरीने कोणाचं काही बिघडत नाही.

पैसे घालण्याचा क्रम असा धरा: आधी झाकणं, बर्नरची सफाई आणि नवी नळी, मग इंडक्शन आणि त्याला चालणारा एक कुकर, मग पंखे, मग सौर बंब, पॅनेल आणि मोठ्या बॅटऱ्या सगळ्यांत शेवटी. आणि एकट्याच्या घरापुरतं बघून भागत नाही. सात मजली इमारतीत लाइट गेली की लिफ्ट जाते, त्यापाठोपाठ गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संपतं. सोसायटीच्या किंवा ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा. पंप कोणत्या वेळी चालवायचा, जनरेटरला किती तासांचं डिझेल असतं, कोणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण एकटं नि वृद्ध आहे, एवढं एका कागदावर लिहिलेलं असावं. त्याच कागदावर दोन क्रमांकही लिहा: गॅसगळतीसाठी १९०६ आणि महावितरणसाठी १९१२. तो कागद जिन्यापाशी लावा, मोबाइलच्या ग्रुपवर नको. गरज लागेल तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली असण्याची शक्यताच जास्त.